तो दिवा पहिल्यापासूनच आहे

बँकेची खिडकी असो, तलाठ्याचं कार्यालय असो नाहीतर रेशनचं दुकान, जिथे रांग आहे तिथे एक वाक्य हमखास कानावर पडतं : "सर्व्हर डाऊन आहे." "साहेब जेवायला गेलेत" म्हटलं तर लोक विचारतात, कधी येणार? "फाईल सापडत नाही" म्हटलं तर हमरीतुमरीवर येतात. पण सर्व्हर डाऊन म्हटल्यावर चांगली खमकी माणसंसुद्धा पासबुक पिशवीत घालून निमूट घरी जातात. सर्व्हर कुणी पाहिलेला नसतो. तो कुठे बसतो, कशावर जगतो, कशानं आडवा होतो, याची चौकशी करायची आपल्याकडे पद्धत नाही.

मला ती करावी लागते, कारण त्याच्यावर माझं पोट आहे. पतसंस्था, साखर कारखाने, महाविद्यालयं, नगरपालिका अशा ठिकाणच्या सर्व्हरच्या देखभालीचे वार्षिक करार आम्ही घेतो. त्या जोरावर सांगतो, सर्व्हर अचानक असा क्वचितच डाऊन होतो. आधी त्याला उकडतं. मग तो तसं सांगतो. दिव्यानं सांगतो, आवाजानं सांगतो, ईमेल लिहून सांगतो. आणि आपल्या कार्यालयांत कुणाचं उकडणं कुणी मनावर घेतल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

'सर्व्हर रूम' अशी पाटी असलेली खोली बहुधा जिन्याखाली निघते. तिच्याखाली 'चपला बाहेर काढाव्यात' ही दुसरी पाटी. ती त्या काळातली, जेव्हा साहेबांना पंखा आणि संगणकाला एसी असा न्याय होता. त्याच्याही आधी, १९६० साली, मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा संगणक सुरू झाला. १८ फूट लांब आणि ८ फूट उंच पोलादी रॅकमध्ये तो मांडलेला, आणि आत सुमारे २,७०० निर्वात नळ्या, प्रत्येक नळी तापणारी. त्याच्यावर कुणी डबा ठेवला असेल असं वाटत नाही. आजचा रॅक माणसाहून थोडा उंच, त्यामुळे त्याचा दरारा कमी. लोकांच्या लेखी ते जाळीच्या दाराचं एक कपाट असतं, आणि कपाट म्हटलं की त्यावर, त्यामागे आणि त्यात काहीतरी ठेवलंच पाहिजे.

वास्तविक या कपाटाचं मोजमाप फार काटेकोर. रुंदी १९ इंच, ही टेलिफोन एक्स्चेंजच्या जमान्यापासून चालत आलेली. उंची मोजायची ती 'यू'मध्ये. एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर, आणि पूर्ण उंचीचा रॅक साधारण ४२ यूचा. एक यूच्या डब्यात मोठा पंखा मावत नाही. मग ४० मिलिमीटरचे बारके पंखे ओळीनं बसवतात आणि गरज पडली की मिनिटाला पंधरा-वीस हजार फेऱ्यांनी पळवतात. आपला छताचा पंखा पाचवर ठेवला तरी साडेतीनशेच्या आसपास फिरतो, आणि तेवढ्यावर त्याला वर्षानुवर्षं झोपेत शिव्या खाव्या लागतात. हे बारके पंखे पुढून गार हवा ओढतात आणि मागून गरम हवा सोडतात. बस, इतकंच. पुढे गार, मागे गरम, आणि दोन्ही वाटा मोकळ्या. सर्व्हरचं याहून जास्त मागणं नाही.

मागची वाट कधीच मोकळी नसते. मागची बाजू दारातून दिसत नाही, म्हणून ती शिल्लक जागा समजली जाते. एका पतसंस्थेत रॅकच्या पाठीला लागून जुन्या व्हाउचरचे गठ्ठे छातीपर्यंत रचले होते. लाल फडक्यात बांधलेले, वर वर्ष लिहिलेलं. हात लावला तर गठ्ठे चांगले गरम. "ऑडिटला लागतात," असं उत्तर आलं. पुढच्या बाजूची कथा वेगळी. ती थंड, म्हणून तिथे नाशवंत माल. वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आदल्या दिवशी त्या खोलीत संचालकांचे हार आणि श्रीखंडाचे डबे मुक्कामाला असतात. मे महिन्यात तर तिथे माणसंही सापडतात. "जरा बॅकअप बघत होतो," असं डोळे चोळत सांगतात.

रॅकमध्ये यंत्रांच्या मधले रिकामे खण पत्र्याच्या पट्ट्या लावून बंद करायचे असतात. नाहीतर मागची गरम हवा त्या भोकांतून वळून पुढे येते आणि यंत्र स्वतःचाच उच्छ्वास पुन्हा आत ओढतं. पण कोटेशनवर पहिली कात्री चालते ती या पट्ट्यांवर. "नुसत्या पत्र्याचे एवढे पैसे?" हा प्रश्न कोट्यवधींच्या ठेवी सांभाळणारा माणूस विचारतो तेव्हा मी गप्प बसतो.

छोट्या शाखांत भिंतीवर टांगलेला लहान रॅक असतो, मोडेम आणि सीसीटीव्हीची पेटी ठेवायला. त्याच्या डोक्यावर एक चौकोनी पंखा बसवलेला असतो. तो फिरत नसला तर त्याची वायर हातात धरून शेवटापर्यंत जायचं. शेवटी प्लग लोंबकळत असतो आणि त्याच्या जागी कुणाचातरी मोबाइल चार्ज होत असतो. याला अजून अपवाद पाहिलेला नाही.

धुळीलाही प्रांत असतात. साखर कारखान्यात हंगाम सुरू झाला की बगॅसचा बारीक भुगा जाळीवर असा बसतो की नखानं खरवडावा लागतो. महाविद्यालयात खडू. कोकणात धूळ कमी, पण खारी हवा स्क्रू आणि कड्या खाते. आणि दसऱ्याला सगळीकडे सारखंच. खंडेनवमीला सर्व्हरची पूजा होते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. वर्षभर ज्याच्याकडे कुणी बघत नाही त्याला निदान एक दिवस हळदकुंकू मिळतं. तक्रार एवढीच, की झेंडूचा हार नेमका पुढच्या जाळीवर लावतात. आतले पंखे जोरात ओढतात. दिवाळीच्या सुमाराला उघडलं की पहिल्या पंख्याच्या तोंडाशी वाळलेल्या पाकळ्या आणि त्यामागे कुंकवाचा पट्टा, हवा कुठून कशी जाते त्याचा लालचुटूक नकाशा. एवढं स्पष्ट चित्र कंपनीच्या माहितीपुस्तकातही नसतं.

यंत्र तापलंय हे लक्षात आलं, की घरगुती उपाय सुरू होतात. झाकण काढून ठेवतात आणि समोर टेबलफॅन लावतात. दिसायला कसं माणुसकीचं दिसतं. पण झाकणामुळेच हवा प्रोसेसरवरून नीट ओढली जाते. झाकण काढलं की ती वाटेल तिथून येते, वाटेल तिथे जाते, आणि जिथे हवी तिथेच पोचत नाही. टेबलफॅन बंद खोलीत गरम हवा ढवळतो, वर स्वतःची थोडी भर घालतो.

आता एसी. एसीचा विक्रेता खोलीत येतो, भिंतीकडे बघतो आणि म्हणतो, "दहा बाय बारा ना? दीड टन." खोलीत माणूस झोपणार की सर्व्हर जागणार, हे तो विचारत नाही. सर्व्हर जेवढी वीज खातो तेवढी जवळजवळ सगळी उष्णता करून परत देतो. एक टनाचा एसी म्हणजे साडेतीन किलोवॉट उष्णता उचलण्याची ताकद. या हिशेबात चौरस फूट येतात, पण फार शेवटी. शिवाय घरगुती एसी माणसासाठी बनलेला. त्यात रात्री आपोआप गारवा कमी करायची सोय असते. माणूस झोपेत कुडकुडू नये म्हणून केलेली ही माया सर्व्हरच्या वाट्याला फुकट येते.

अमेरिकेतल्या ॲशरे या अभियंत्यांच्या संस्थेनं सांगून ठेवलंय की यंत्राच्या तोंडाशी १८ ते २७ अंश तापमान ठेवा, पुरे. आपल्याकडे १६ लावतात. १६ म्हणजे काळजी, २४ म्हणजे निष्काळजीपणा, असा समज. त्यात फिल्टर धुतलेला नसतो. मग एसीच्या आत बर्फ धरतो, तो वितळतो, आणि पाणी ठिबकायला लागतं. कुठे? बरोबर रॅकवर. त्यावरचा उपाय मी एकाहून अधिक गावांत पाहिला : रॅकच्या माथ्यावर श्रीखंडाचा रिकामा डबा. सर्व्हरवर पाण्याचा डबा भरत असतो आणि शिपाईमामा तो संध्याकाळी रिकामा करतात. रविवारी मामांना सुट्टी.

खरा खेळ वीज गेल्यावर. सर्व्हरला यूपीएस असतो. एसीला नसतो, कारण एसी यूपीएसवर टाकायचा तर यूपीएस खोलीएवढा लागेल. म्हणजे शनिवारी रात्री वीज गेली की एसी बंद आणि सर्व्हर चालू. बंद खोलीत यंत्र बॅटरीच्या जिवावर इमानानं उष्णता निर्माण करत राहतं. यूपीएसची ख्याती सर्व्हर वाचवण्याची आहे. अशा रात्री तो सर्व्हरला मंद आचेवर ठेवतो. मग वीज परत येते. सगळं सुटलं असं वाटतं. पण पुष्कळ एसी वीज आल्यावर आपले आपण सुरू होत नाहीत, त्यांना रिमोट दाखवावा लागतो. रिमोट मॅनेजरसाहेबांच्या खणात. खणाची किल्ली साहेबांकडे. साहेब भाचीच्या लग्नाला लातूरला.

सर्व्हर या अवधीत स्वस्थ बसत नाही. त्याच्या पोटात एक चिमुकला वेगळा संगणक असतो, सर्व्हर बंद असला तरी जागा राहणारा. इंटेल, डेल, एचपी आणि एनईसी या कंपन्यांनी १९९८ साली त्याची बोलायची रीत ठरवली. तोंडाशी किती अंश, कुठला पंखा किती फिरतोय, व्होल्टेज किती, डाव्या पुरवठ्याला काय झालं, याची तो सतत नोंद ठेवतो. पंखे पळवतो, प्रोसेसरचा वेग उतरवतो, दिवा लावतो, मेल पाठवतो, आणि अगदीच असह्य झालं की सगळं बंद करून टाकतो. एवढा जागरूक कर्मचारी त्या कार्यालयात दुसरा नसेल. त्याला बढती नाही, भत्ता नाही, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच.

आता त्याचं कोण काय ऐकतं ते बघू. दिव्यांची भाषा सोपी आहे. हिरवा म्हणजे ठीक, नारिंगी म्हणजे बघा. सर्व्हर रूममध्ये शिरताना माझी नजर आधी नारिंगी दिव्यावर जाते.

"मामा, हा दिवा कधीपासून लागलाय?"

"तो होय? तो पहिल्यापासूनच आहे."

"पहिल्यापासून म्हणजे?"

"म्हणजे मी आलो तेव्हापासून. आधीच्या साहेबांनी सांगितलंय, त्याला हात लावायचा नाही."

आधीचे साहेब सेवानिवृत्त. दिवा सेवेत.

चालू डिस्कचा हिरवा दिवा काम चाललं की लुकलुकतो, आणि जिला काम नाही ती शांत असते. नवख्या पोराला पाठवलं की तो नेमका उलटा निष्कर्ष काढतो : "सर, ही सारखी लुकलुकतेय, हीच बिघडली असणार." आणि चालू डिस्क उपसतो. रेड पाच नावाच्या रचनेत एक डिस्क गेली तरी माहिती वाचते. दुसरी गेली की रडायचं. पहिली आधीच मेलेली असते, दुसरी हा मारतो. जो काम करताना दिसतो त्याच्यावर संशय, ही शिकवण त्यानं कार्यालयातच घेतलेली असते, त्याला एकट्याला बोल लावून उपयोग नाही. हा घोटाळा टाळायला बनवणाऱ्यांनी निळा दिवाही दिलाय. पुढचं बटण दाबलं की मागेही निळा लागतो, म्हणजे एकसारख्या दिसणाऱ्या यंत्रांत हेच ते, हे कळतं. गठ्ठ्यांमुळे मागे जाता येत नाही, हा भाग सोडा.

दिव्यानं भागलं नाही की आवाज. यूपीएस दर काही सेकंदांनी बीप करतो. पहिल्या दिवशी सगळे दचकतात. आठवड्यानं तो घरातल्या आजोबांच्या खोकल्यासारखा होतो. ऐकू सगळ्यांना येतो, उठत कुणी नाही. मग कुणाला तरी आवाज बंद करायचं बटण सापडतं. बॅटरी तशीच. पण "दुरुस्त केलं" म्हणून त्याचं कौतुक होतं.

आवाजावरून आठवलं. २००८ च्या अखेरीस सन मायक्रोसिस्टिम्सच्या ब्रेंडन ग्रेग नावाच्या अभियंत्यानं डिस्कच्या रांगेसमोर उभं राहून ओरडून दाखवलं, आणि पडद्यावर दिसलं की ओरडलं की डिस्का मंदावतात. कंपनामुळे वाचणारं टोक हलतं. २०१६ साली रोमानियात आयएनजी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये आगीची रंगीत तालीम झाली. आग विझवणारा वायू एवढ्या मोठ्या आवाजात सुटला की आग नसतानाच डिस्का निकामी झाल्या आणि बँकेची कार्ड काही तास चालेनात. म्हणजे अंगावर ओरडून काम वेगानं होत नाही, हे आता मोजून सिद्ध आहे. हा मुद्दा मी काही अध्यक्षांच्या कानावर घातला. ते माझ्यावर ओरडले.

तिसरा मार्ग ईमेल. बसवताना विचारतात, सूचना कुणाला पाठवायची? त्या दिवशी जे साहेब असतात त्यांचा पत्ता पडतो. साहेबांची बदली होते, पत्ता राहतो. एका ठिकाणी तर मेलचा सर्व्हर त्याच रॅकमध्ये होता. आपण बंद पडत असल्याची खबर त्यानं बंद पडणाऱ्या स्वतःमार्फतच पाठवायची, अशी योजना. नेटवर्कवरून सूचना धाडण्याची एसएनएमपी ही पद्धत १९८८ सालची आणि अजून चालते. तिच्या साध्या प्रकारात पोचपावती नसते. पोचलं तर पोचलं.

आणि या सगळ्यावर मात करणारी आपली खास व्यवस्था म्हणजे तापमान-नोंदवही. नियमानुसार दिवसातून दोनदा तापमान लिहून सही. अशा एका वहीत मी बघत गेलो : २२, २२, २२. मेमध्ये २२, डिसेंबरात २२. एकाच पेनानं, एकाच बैठकीत, एकाच वळणाचं. ३१ जूनलासुद्धा २२ अंश होतं. त्याच आठवड्याची सर्व्हरच्या पोटातली नोंद काढली तर तोंडाशी ४१ अंश, दोन पंख्यांचा वेग घसरलेला, मग इशारा, मग गंभीर इशारा, मग शेवटची ओळ. दोन्ही कागद शेजारी ठेवले. साहेबांनी चष्मा लावला, सावकाश वाचले, आणि म्हणाले, "मशीनची नोंद चुकली असेल. वहीवर सही आहे." त्यांचंही थोडं खरं होतं : घड्याळ न लावल्यामुळे यंत्रानं त्या रात्रीची तारीख १ जानेवारी १९७० टाकली होती. तारखेच्या बाबतीत दोघांनी बरोबरी साधली.

हे फक्त जिन्याखाली घडतं असं समजू नका. आज नवी मुंबईत, ऐरोली-महापे भागात, प्रचंड डेटा सेंटर उभी आहेत आणि तिथे थंडाव्याचं काम शास्त्रशुद्ध चालतं. पण मोठ्यांचे घोटाळेही मोठेच असतात. १४ ऑक्टोबर २०२३ ला सिंगापुरात एका डेटा सेंटरमध्ये सुधारणेचं काम चालू असताना ठेकेदाराकडून गार पाण्याच्या झडपा बंद करण्याचा चुकीचा संदेश गेला. तापमान चढलं, आणि डीबीएस व सिटी या बँकांचे मिळून सुमारे २५ लाख व्यवहार होऊ शकले नाहीत. तिथल्या संसदेत त्यावर उत्तर द्यावं लागलं. फेसबुकच्या ओरेगनमधल्या प्राइनव्हिल केंद्रात २०११ साली तर थंडाव्याचं नियंत्रण असं बिघडलं की दमट हवा आतल्या आत फिरून इमारतीच्या पोटात ढग धरला आणि सर्व्हर ओले झाले. कोकणातल्या माझ्या एका ग्राहकाला हे सांगितलं. तो म्हणाला, "मग आमचं बरं आहे. आमच्याकडे फक्त छतातून गळतं."

मायक्रोसॉफ्टनं २०१८ साली स्कॉटलंडजवळ ऑर्कनीच्या समुद्रात ८६४ सर्व्हर एका नळकांड्यात बंद करून तळाशी सोडले. आत नायट्रोजन, बाहेर थंड पाणी. दोन वर्षांनी वर काढले तेव्हा जमिनीवरच्यांच्या मानानं एक-अष्टमांश सर्व्हर बिघडले होते. संशोधकांनी दोन कारणं सुचवली : हवेत ऑक्सिजन नव्हता, आणि आत माणसं नव्हती. पुढे त्यांनी तो प्रयोग गुंडाळला. आपल्याला समुद्र नको, पण दुसरं कारण विचार करण्यासारखं आहे.

वाचक एखाद्या संस्थेचे संचालक, प्राचार्य किंवा नुसतेच सभासद असतील, तर विनंती आहे. एसीचा टनेज वाढवण्याचा ठराव नंतर करा. आधी विचारा, सूचनेचा मेल कुणाच्या पत्त्यावर जातो. ते गृहस्थ निवृत्त असतील तर नाव बदला, आणि सोबत रविवारी फोन उचलणाऱ्या एका माणसाचा नंबर घाला. व्हाउचरचे गठ्ठे दुसऱ्या खोलीत न्या. एसीचा रिमोट दाराबाहेर खिळ्याला टांगा, हवं तर साखळीनं बांधा. यात खर्च काही नाही. आमची बिलं थोडी घटतील, ते आम्ही सोसू. लातूरच्या लग्नांना आम्हालाही बोलावणं असतं.